खोट्या कॉम्प्युटरचं बाळंतपण

दुकानाचं शटर वर केलं की गोरक्ष खैरनार आधी चष्मा पुसायचे. काचेवर श्वास सोडायचा, सदऱ्याचं टोक धरायचं आणि मधून कडेकडे सरळ पुसत न्यायचं. गोल कधीच नाही. "गोल पुसणारे घाण नुसती फिरवतात," हे त्यांचं मत चष्म्याबद्दल होतं आणि गल्लीतल्या बऱ्याच माणसांबद्दलही.

पंचवटीतल्या त्या गल्लीत डावीकडे देऊळ, उजवीकडे देऊळ आणि मध्ये त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. भाविक रामकुंडाचा रस्ता विचारत. "सरळ जा, पाणी लागलं की थांबा," ते मान वर न करता सांगत. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. बिघडला तर उघडून बघता येत नाही, एवढीच तक्रार.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी येवल्याहून चतुराबाई आल्या. वय सत्तर, काम पैठणी विणण्याचं. सोबत नात हर्षाली, तिच्या काखेत नवा लॅपटॉप, आणि आजीच्या पिशवीत लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक सीडी.

वीस वर्षांपूर्वी चतुराबाई हट्टाने कॉम्प्युटर शिकल्या होत्या आणि पदराच्या नक्ष्या त्यावरच काढत होत्या. नक्षी चौकटीच्या कागदावर छापायची, कागद मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली ठेवायचा आणि घरं मोजत विणायचं. आता मागावर हर्षालीच्याच लग्नाची पैठणी होती. अंग विणून झालं होतं, पदर राहिला होता, आणि तेवढ्यात जुना कॉम्प्युटर मेला. लग्न सव्वा महिन्यावर. नक्षीची फाइल पेनड्राइव्हवर शाबूत होती, पण ती उघडणारा प्रोग्रॅम जुन्या विंडोजशिवाय चालत नव्हता. तो प्रोग्रॅम आणि ते विंडोज, दोन्ही या एका सीडीवर होते आणि नवा लॅपटॉप त्यांना दारात उभं करत नव्हता.

"दुसरी नक्षी घ्या की, मावशी."

"भाऊ, पदरावरचा मोर मी हिच्या बारशाला काढलाय. दुसऱ्याचाच मोर मिरवायचा तर साडी इकत नसती का आणली?"

गोरक्षकाकांनी चष्मा काढला, पुसला. "मग याच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर बसवू. जुन्या काळातला. त्याला बाहेरचं काही कळणार नाही. त्याच्या लेखी अजून दोन हजार चारच चालू."

"म्हंजे आमच्या ह्यांच्यासारखा," चतुराबाई म्हणाल्या.

लॅपटॉपला बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडला. पडद्यावर खोट्या कॉम्प्युटरची काळी चौकट उघडली आणि तिच्यात इंग्रजी ओळ उमटली: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. "आधी स्वतःची रिकामी डिस्क चाचपतोय गाढव," म्हणत काकांनी क्रम बदलला. सीडी पहिली, डिस्क दुसरी. परत तीच ओळ. तिसऱ्यांदाही तीच. हर्षाली मोबाइलमधलं कॅलेंडर उघडून बसली. काकांची मान तांबडी झाली. तिघंही त्या काळ्या चौकटीपुढे बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखे बसले होते.

शेवटी काकांनी सीडी बाहेर काढून उजेडात धरली. चकचकीत बाजूवर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, एकावर एक, वीस दसऱ्यांचे थर.

"हिला कुंकू कोणी लावलं?"

"मीच. दसऱ्याला मागाला लावते, धोट्याला लावते, हिनं काय घोडं मारलंय?"

"पण या बाजूला?"

"मंग काय पाठीला लावू? चकाकतंय तेच तोंड ना?"

"मावशी, हे हिचे डोळे आहेत. तुम्ही वीस वर्षं हिच्या डोळ्यांत कुंकू घातलंत."

चतुराबाईंनी सीडीपुढे कान पकडले. काकांनी सीडीवर श्वास सोडला आणि ओल्या कापसाने मधून कडेकडे पुसत राहिले. कापूस पिवळा झाला, लाल झाला, पुष्कळ वेळाने पांढरा राहिला.

ड्राइव्ह घुरघुरला. सीडीवरून सुरू करायचं तर कुठलंही बटण दाबा, अशी ओळ आली. हर्षालीने दाबलं, दोनदा, चारदा.

"काका, ऐकतच नाही!"

"अगं, आधी त्या चौकटीच्या आत क्लिक कर. तू रस्त्यावरून हाका मारतेस, तो घरात बसलाय."

तिने क्लिक करून बटण दाबलं. निळ्या पडद्यावर जुनी पांढरी अक्षरं चढू लागली. तासाभराने मोर उघडला. चतुराबाईंनी पडद्याला नाक लावून घरं मोजली.

"बरोबर हाय. एक पीस मी चुकले होते, ते पण हाय."

काकांनी सीडीची नक्कल लॅपटॉपमध्ये ठेवून दिली आणि सीडी एका प्लास्टिकच्या डबीत घातली. तरी चतुराबाईंनी डबीसकट सीडी परत लुगड्यात गुंडाळली. "घरची हाय," म्हणाल्या. पदर लग्नाच्या पाच दिवस आधी उतरला. लग्नात काकांनी चार जिलब्या खाल्ल्या आणि बँडच्या स्पीकरची वायरिंग कशी चुकलीय ते व्याह्यांना समजावलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गोरक्षकाका झोपेतच गेले. शटर उघडलं नाही तेव्हा गल्लीला कळलं. बाहेरगावचे भाविक त्या दिवशीही दुकानापुढे थांबून रस्ता कोणाला विचारावा म्हणून बघत होते.

चतुराबाईंचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं दसऱ्याच्या दुपारी झालं, फोनवर.

"भाऊ, पूजा मांडलीय. सीडी पाटावर हाय. औंदा पाठीला लावू का कुंकू?"

"पाठीला नको, मावशी. पाठ जास्त नाजूक असते. डबीला लावा."