रामेश्वरच्या वाटेवर न थांबलेला पाऊस

खडकीच्या कारखान्यात माझं काम होतं दारूगोळ्याच्या कोठारांमधलं तापमान आणि दमटपणा दिवसातून चार वेळा वहीत टिपण्याचं. सत्तावीस वर्षं मी ते इमानानं केलं. एखादा अंश इकडचा तिकडे झाला तरी साहेबांना कळवायचं, अशी शिस्त होती. त्यामुळे असेल कदाचित, पण जे मोजता येतं तेवढंच खरं, असं माझं मत पक्कं झालं होतं. क्वार्टरमधलं देवघर हिच्या ताब्यात. मी तिथून जाताना हात जोडायचो, तेही ही बघत असली तर.

हिला चाळिशी उलटल्यावर मज्जातंतूंचा आजार निघाला. तो किती वेगानं वाढेल हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. एकच पथ्य त्यांनी ठासून सांगितलं, अंग तापू द्यायचं नाही. अंग तापलं की हिच्या पायांतलं बळ जायचं आणि नजरेपुढे धुकं यायचं. गारव्यात बसवलं की दोन्ही परत यायचं. पण एखाद्या दिवशी परत आलंच नाही तर, ही धास्ती माझ्या छातीवर कायम बसलेली असे. अशात एका संध्याकाळी दिवा लावता लावता ही म्हणाली, "काशी झाली आपली, रामेश्वर तेवढं राहिलंय. पाय आहेत तोवर नेता का?" काशीहून आणलेला गंगेचा तांब्याचा गडू लग्नानंतरच्या वर्षापासून देवघरात सीलबंद होता. ती गंगा रामेश्वरला वाहिली की यात्रा पुरी होते, असं तिच्या माहेरी मानत. "नेतो की," मी म्हटलं, "तिथे चाकाची खुर्चीही मिळत असेल." त्यावर ती म्हणाली, "खुर्चीतून न्यायचं असेल तर राहू दे. गडू दोन्ही हातांत धरून चालत जायचंय मला."

मग मी आलेखाचा कागद काढला. उन्हाळा बाद. पावसाळ्यात घाट नको. दसऱ्यानंतर पुण्यात पुन्हा ऊन तापतं, म्हणून तेही नको. दिवाळी आटोपली की पाऊस परतलेला असतो आणि हवा कोरडी, गार असते, तेव्हा निघायचं तेव्हाच. आगगाडी आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून आमची जुनी गाडी. पहाटे चारला निघायचं, साडेदहाच्या आत मुक्काम गाठायचा, पाचव्या दिवशी रामेश्वर. गाडीत एसी नव्हता. खिडकीला वाळ्याचा पडदा, मागच्या सीटवर बर्फाचा डबा आणि ओले पंचे अशी तयारी केली. तमिळनाडूत पाऊस दिवाळीच्या सुमारासच जोर धरतो, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. आमच्या मागच्या रांगेत मदुराईकडचं एक कुटुंब दहा वर्षं राहत होतं. त्यांना एका शब्दानं विचारलं असतं तरी कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायचं, आणि पुण्याच्या माणसाला ते कसं जमावं?

पहिले तीन दिवस सगळं कागदाबरहुकूम झालं. पहाटेच्या अंधारात ही डोळे मिटून गुणगुणायची आणि उजाडलं की ज्वारीच्या शेतांवरून थंड वारा आत यायचा. सेलम मागे पडलं आणि आभाळ एकदम खाली उतरलं. पाऊस असा लागला की त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, असं वाटेनाच. शेतं पाण्याखाली, पाण्यात आभाळ, आणि त्या दोन्हींच्या मधून आमची गाडी हळूहळू चाललेली. किती वाजले, किती अंतर उरलं, याचं भान मलासुद्धा राहिलं नाही. त्या दिवशी आयुष्यात प्रथमच मी मनापासून देवाला काही मागितलं. पाऊस थांबव, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. ही मात्र शेजारी प्रसन्न बसली होती आणि काच खाली करून हात बाहेर काढत होती.

पाचव्या दिवशी मदुराईच्या पुढे रस्त्यावर पाणी चढलं होतं. पहाटे पोलीस कुणाला सोडत नव्हते. दहा वाजता वाट मोकळी झाली, पाऊस उघडला आणि लख्ख ऊन पडलं. देवानं ऐकलं, असं मला वाटलं. खरं तर त्या वेळी मुक्काम हलवायलाच नको होता. हवेत वाफ कोंडली होती, बर्फ कुठे मिळाला नव्हता, आणि कोठारात एवढा दमटपणा असता तर मी धावत जाऊन वर्दी दिली असती. पण कागदावर पाचव्या दिवसापुढे रामेश्वर लिहिलं होतं, म्हणून मी निघालो.

दोन तासांनी, ताडाच्या झाडांमधून जाणाऱ्या एका सुनसान रस्त्यावर, साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली. ढकलत कडेला घेतली. बॉनेट उघडून बघतो तोवर हिची हाक आली. आवाज बारीक होता. "अहो, पाय जाणवत नाहीयेत मला. आणि तुम्ही दिसत नाही आहात." पंचे भिजवून अंगावर घातले, पण ते पाणीही कोमटच होतं. चेहरा लालबुंद झाला होता. तेवढ्यात पुन्हा थेंब पडू लागले आणि मी अक्षरशः ओरडलो, "देवा, आता नको, थोडा वेळ तरी थांबव!" पाऊस कोसळू लागला. ही भिजेल म्हणून मी चारही काचा वर केल्या. आत भट्टी झाली आणि हिची मान कलली. माझ्या चुकीनं हिचे पाय आज गेले, हे माझ्या मनात स्पष्ट उमटलं.

काचेवर कुणीतरी थाप मारली. हिरव्या लुगड्यातली एक वयस्क बाई होती, डोक्यावर ताडाच्या पानांची टोपली उपडी घातलेली. तिनं आत पाहिलं, दार उघडलं आणि हिच्या काखेत हात घालून हिला सरळ बाहेर ओढलं. "अहो बाई, काय करताय! भिजेल ती, आजारी आहे!" मी ओरडलो. ती तमिळमध्ये काहीतरी म्हणाली, माझ्यावर रागावल्यासारखी. तिनं मलाच हिचे पाय धरायला लावले आणि रस्त्याकडेच्या गणपतीच्या उघड्या ओट्यावर हिला बसवलं. मी धावत छत्री आणून हिच्या डोक्यावर धरली. बाईनं ती माझ्या हातातून घेतली, मिटली आणि बाजूला ठेवली.

मग आम्ही तिघं नुसते भिजत बसलो. पावसाच्या आवाजात बाकीचे सगळे आवाज बुडाले होते. बाई हिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवत होती, जसा लेकीच्या पाठीवरून फिरवावा. मी काही मागत नव्हतो, काही मोजत नव्हतो, भीतीसुद्धा कुठेतरी वाहून गेली होती. किती वेळ गेला कोण जाणे. ही डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाली, "केस पार चिकटलेत हो तुमचे. टक्कल दिसतंय सगळं." हिला दिसत होतं! मी लहान मुलासारखा रडलो. थोड्या वेळानं हिनं पावलं हलवून पाहिली, ओट्याला धरून उभी राहिली. बाईनं ओट्यावरचं पावसानं भिजलेलं एक जास्वंद हिच्या हातात दिलं, टोपली डोक्यावर घातली आणि ताडांच्या आड गेली. मला धड हातही जोडता आले नाहीत.

इंजिनाच्या वायरी पुसून कोरड्या केल्यावर गाडी सुरू झाली. पुढची वाट मी काचा उघड्या ठेवून, भिजत चालवली. रामेश्वरला दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच. देवळातल्या बावीस कुंडांचं गार पाणी अंगावर घेऊन, लांबच लांब दगडी खांबांच्या रांगांमधून ही गडू दोन्ही हातांत धरून निघाली. मी अर्धं पाऊल मागे, हात पुढे केलेले, पण तिला न लावता. गाभाऱ्यासमोर गडू पुजाऱ्यांच्या हाती देईपर्यंत ती एकदाही थांबली नाही. परतताना मी कबूल केलं, की वाटभर मी पाऊस थांबव म्हणून मागत होतो. ती म्हणाली, "ओठ हलत होते तुमचे, कळत होतं मला. म्हणून मी देवाला सांगत होते, यांचं काही मनावर घेऊ नकोस."

पुढे दोन वर्षांनी हिचे पाय गेलेच. आता ती खुर्चीत असते आणि देवघर मी सांभाळतो. त्या ओट्यावर चमत्कार झाला, असं मी कुणाला सांगत नाही. ती बाई कोण, तिला कसं उमजलं, हे मला ठाऊक नाही. जे मी कळवळून मागितलं ते मिळालं असतं तर ही त्या गाभाऱ्यापर्यंत चालत पोचली नसती, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे, आणि त्या न मिळालेल्या दानाबद्दल मी रोज कृतज्ञ असतो. मागणं काही माझं सुटलेलं नाही. रोज सकाळी दिवा लावून हिच्यासाठी काही ना काही मागतोच. सगळं मागून झालं की म्हणतो, देवा, मला कळलं तेवढं सांगितलं, पुढचं तू बघ.