भिकू गँगमनची बहीण

बारा वर्षांपूर्वी मी बंगळूरला निघाले तेव्हा बाबा मला सोडायला बेळगावकडच्या लोंढा स्टेशनावर आले होते. दोन बॅगा माझ्या पायाशी होत्या, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकानं फिरावं तसे बाबा प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत होते. सिग्नल पडला तसे ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्या घरातली एक बाई याच स्टेशनावरून गेली. परत आली नाही. तू येत जा."

"कोण, बाबा?"

"गाडी आली बघ," म्हणाले आणि बॅग उचलली.

पुढं आईकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं ते इतकंच. माझे पणजोबा भिकू रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे. त्यांची धाकटी बहीण गंगा एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर कामाला होती. साहेबाची बदली झाली आणि गंगाही त्याच्याबरोबर गेली. पितृपक्षात आमच्या घरी सगळ्यांची नावं घेतात, तिचं घेत नाहीत. बाबांचं त्यावर एकच वाक्य ठरलेलं असायचं: "घर टाकून गेलेल्याचं नाव घेत नाहीत."

हे मी गावी राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. काका जे सांगत फिरतात की शुभांगीनं बंगळूरला जाऊन घराण्याची अब्रू वेशीवर टांगली, ते तसं घडलेलं नाही. घडलं ते असं.

पहिली काही वर्षं मी कोरमंगलाच्या पीजीत काढली. एका खोलीत तिघी, आणि तिघींच्या तीन भाषा. ऑफिस एचएसआर लेआउटला. कामात इंग्रजी आणि हिंदी, रिक्षावाल्याशी कानडीतलं 'स्वल्प मुंदे', थोडं पुढं, आणि 'सरी', बरं. मराठी उरली ती रविवारच्या फोनपुरती. मग घरूनच काम सुरू झालं तेव्हा मी फ्रेझर टाउनला एका जुन्या बैठ्या घराच्या गच्चीवरची खोली घेतली. खाली मालकीणबाई राहायच्या, मिस डोरीन. वय शहाऐंशी. लग्न केलेलं नाही, आयुष्यभर पियानो शिकवला. त्यांची नजर मधोमध गेली होती, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळं त्या माझ्याशी बोलताना नेहमी माझ्या खांद्यापलीकडं बघायच्या. मी त्यांना आंटी म्हणायची.

त्यांचे आजोबा हेन्री इंग्लंडहून रेल्वेच्या कामाला आले आणि निवृत्त झाल्यावर बंगळूरजवळ व्हाइटफील्डला जमीन घेऊन स्थायिक झाले. तेव्हा तिथं गोऱ्यांची आणि अर्ध्या गोऱ्यांची वसाहत होती. घर, विहीर, द्राक्षांचा मांडव, घोडा. पुढच्या पिढ्या एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेल्या. डोरीन आंटी तेवढ्या राहिल्या. आता फ्रेझर टाउनचं हे घर बिल्डरला दिलं होतं आणि पर्थहून भाची शॅरन त्यांना न्यायला येणार होती. त्याआधी घराण्याचा जुना अल्बम स्कॅन करून द्यायचा, प्रत्येक फोटोखाली नाव लिहायचं, हे काम मी आपणहून अंगावर घेतलं. हातात तीन आठवडे होते.

रोज सकाळी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगआधी तासभर आम्ही बसायचो. मी फोटोत काय आहे ते सांगायची, त्या नाव सांगायच्या, मी टाइप करायची. त्या मोठ्या ऐटीत सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "आमच्यात नेटिव्ह रक्त नाही हं. डॅडींच्या रंगावरून लोक काहीबाही बोलायचे. तो सगळा शेतातल्या उन्हाचा रंग."

दुसऱ्या आठवड्यात एका पानावर लोंढा आलं. स्टेशनाची पाटी मी लगेच ओळखली, आणि खुळ्यासारखा आनंद झाला. त्याच पानावरचा एक फोटो गोंदातून सुटलेला होता. बंगल्याच्या पायरीवर एक बाई बसली होती. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण. मांडीवर काही दिवसांचं बाळ. ती बाळाकडं नव्हे, थेट कॅमेऱ्याकडं बघत होती. मी फोटो उलटा केला. मागं शाईनं इंग्रजीत लिहिलं होतं: 'गंगा, भिकू गँगमनची बहीण, आणि आमचा विल्यम.'

विल्यम म्हणजे डोरीन आंटींचे वडील.

"कोण आहे गं?" आंटींनी विचारलं.

"आया आहे. मांडीवर बाळ आहे."

"कुठलं बाळ?"

"लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

ते माझं पहिलं खोटं. दोन पानांनी हेन्री आणि ईडिथ यांच्या लग्नाचा फोटो आला. चर्चच्या पायरीवर नवरानवरी, आणि त्यांच्यासमोर चारेक वर्षांचा सावळा पोरगा, कोट घातलेला, भेदरलेला. ईडिथला आंटी 'ग्रँडमा' म्हणायच्या. ग्रँडमाच्या लग्नात त्यांचे वडील चार वर्षांचे होते. मी नवरीचा झगा सांगितला, फुलं सांगितली, टोप्या सांगितल्या. पोरगा सांगितलाच नाही. ते दुसरं खोटं. त्यापुढच्या फोटोंत गंगा कुठंच नव्हती. एका फोटोची डावी बाजू मात्र कात्रीनं कापलेली होती, आणि विल्यमच्या खांद्यावर एक हात तेवढा राहून गेला होता. गोंदलेला.

त्या दिवशी मीटिंगमध्ये कोण काय बोललं मला आठवत नाही. दुपारी बाबांना फोन लावला.

"बाबा, गंगा सापडली."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "काय करालीस तू तिथं? नोकरीला गेलीस की मढी उकरायला?"

मी सगळं सांगितलं. फोटो पाठवू का विचारलं.

"नको. त्या म्हातारीला तिच्या बापाची आई कोण हे तू सांगणार? या वयात? आणि कशासाठी?"

"ती तुमची बहीण लागते, बाबा. नात्यानं माझी आत्या होते ती."

"फोन ठेव," म्हणाले. आणि मी ठेवायच्या आत त्यांनीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. बाबांना राहवलं नसावं, त्यांनी भावाला सांगितलं होतं. "आमच्या पोरीचं, पूजाचं लग्न जमत आलंय," काका म्हणाले. "साहेबाकडं राहिलेली बाई आपल्यात होती हे सोयऱ्यांना सांगू काय? तुझं शहरात चालतंय. आम्हाला इथं राहायचंय."

खरं सांगते, त्यांचं बोलणं मला पटलं होतं. फोटोची फक्त पुढची बाजू स्कॅन करायची आणि परत चिकटवून टाकायचा, असं मी ठरवूनही टाकलं होतं. इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही, पुढंही अडलं नसतं. पण त्या कापलेल्या फोटोतला हात काही डोळ्यांपुढून हलेना. कुणीतरी कात्री घेऊन शांतपणे बसून ते केलं होतं. आणि आता तेच काम माझ्याकडं आलं होतं, फक्त कात्रीऐवजी स्कॅनर होता.

शॅरन यायला आठ दिवस उरले असताना आंटींनी सहज विचारलं, "मागच्या बाजूही घेतल्यास ना सगळ्या? ग्रँडपाला मागं लिहायची सवय होती."

मी म्हणाले, "आंटी, मी तुम्हाला दोन फोटो खोटे सांगितले."

मग मी ते खरे सांगितले. पाठीमागची ओळ वाचून दाखवली. भिकू गँगमन माझे पणजोबा, हेही सांगितलं. सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.

त्या उठल्या. काठी सापडेना, तर टेबल धरूनच उभ्या राहिल्या. "तुला काय हवंय?" त्यांनी विचारलं. आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. "घर विकून झालंय. इथं तुझ्यासाठी काही नाही."

"मला काही नकोय, आंटी."

"मग खोली रिकामी कर. आणि माझ्या डॅडींचं नाव परत तोंडातून काढू नकोस."

तीन दिवस मी वर, त्या खाली. रोज सकाळी वाजणारा पियानो बंद. मी मोबाइलवर खोल्यांच्या जाहिराती बघत होते आणि एकही धड वाचत नव्हते. त्यांना काही झालं तर तो दोष माझाच, एवढं एकच डोक्यात. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मी त्यांच्या काठीचा आवाज येतोय का ते ऐकायची. बाबांचं 'कशासाठी?' पाठ सोडत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली. "शुभा, खाली ये."

अल्बम त्यांच्या मांडीवर होता, मिटलेला. "बस," म्हणाल्या. "एक विचारायचंय. तुमच्या भाषेत 'बाय' म्हणजे काय?"

"बाय? आमच्याकडं मुलीला लाडानं म्हणतात. बाय माझी, असं. आई मला अजून म्हणते. का?"

त्यांनी अल्बमवर दोन्ही तळहात ठेवले. मग थांबत थांबत सांगू लागल्या. व्हाइटफील्डच्या घरामागं, स्वयंपाकघराच्या पलीकडं एक खोली होती. तिथं एक म्हातारी राहायची. काम काही करत नव्हती, तिला कुणी काही सांगतही नव्हतं. तिच्याकडं जायचं नाही, अशी मुलांना ताकीद होती. डॅडी मात्र रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे, न बोलता. मुलं खेळत खेळत मागं गेली की ती दारात यायची, हात पुढं करायची आणि म्हणायची, 'बाय, बाय.'

"आम्हाला वाटायचं ती जा म्हणतेय," डोरीन आंटी म्हणाल्या. "गुड बाय. म्हणून आम्ही हात हलवायचो आणि पळून जायचो. प्रत्येक वेळी. ती बोलवत होती गं आणि आम्ही जायचो."

त्या रडल्या नाहीत. मीच रडले. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना फोन लाव."

मी घाबरले. बाबा काय बोलतील याचा भरवसा नव्हता. त्यांना इंग्रजी वाचता येतं, बोलायची वेळ कधी आली नाही. आंटींना मराठीचा गंध नाही. फोन लागल्यावर मी कसंबसं म्हणाले, "बाबा, त्या बोलतायत," आणि फोन त्यांच्या हातात दिला.

आंटी कानडीत बोलल्या. बाजारात, स्वयंपाकिणीशी बोलून आलेली मोडकीतोडकी कानडी. "नमस्कार. नानु डोरीन. गंगा मोम्मगळु." मी डोरीन. गंगाची नात.

फोन स्पीकरवर होता. पलीकडं नुसता पंखा ऐकू येत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, ठेवू नका बाबा, ठेवू नका.

"अक्का," बाबा म्हणाले. "ऊटा आयता, अक्का?" जेवण झालं का, एवढंच.

"आयतु," आंटी म्हणाल्या. सकाळचे साडेनऊ वाजले होते, कुणाचंच जेवण झालेलं नव्हतं.

त्याहून जास्त काही दोघं बोलले नाहीत. गुडघे दुखतात का, तिकडं ऊन आहे का, असलं काहीतरी. दोन मिनिटांत संपलं. पण फोन ठेवल्यावर आंटींनी अल्बम उघडला, आणि सुटलेला फोटो बोटांनी शोधून माझ्याकडं दिला. "याच्याखाली लिही. विल्यम आणि त्याची आई." लग्नाच्या फोटोतला पोरगाही लिहायला लावला. कापलेल्या फोटोखाली म्हणाल्या, "गंगाचा हात, असं लिही. बाकीची कुठं गेली ते विचारतील तर विचारू देत."

शॅरन आली. उंच, भराभर बोलणारी, मनानं बरी. तिनं फोटोच्या मागची ओळ दोनदा वाचली, मावशीकडं बघितलं, आणि मला विचारलं ते फक्त भिकूचं स्पेलिंग. आठवड्यानं त्या दोघी गेल्या. अल्बम आंटींच्या हातातल्या पिशवीत होता, सामानात टाकू दिला नाही. मी हेब्बाळच्या बाजूला खोली घेतली. फ्रेझर टाउनच्या घराभोवती आता बिल्डरचे पत्रे लागलेत.

काका माझ्याशी अजून बोलत नाहीत. पूजाचं लग्न ठरलं आणि व्यवस्थित झालं, मला मात्र बोलावणं नव्हतं. ते लागलं. हे लिहितानाही लागतंय.

आणि गेल्या महिन्यात बाबा बंगळूरला आले. बारा वर्षांत पहिल्यांदा. आल्या आल्या म्हणाले, "व्हाइटफील्ड म्हणतात ते कुठं आलं?" आंटींनी फोनवर जमेल तसं सांगितलं होतं: चर्चपासून चालत वीस मिनिटं, घर पूर्वेला तोंड करून, मागं विहीर. आता तिथं टॉवर, काचेची ऑफिसं, आणि रस्ताभर गाड्या. आम्ही उन्हातून तासभर फिरलो. ना विहीर, ना मांडव. शेवटी एका अपार्टमेंटच्या भिंतीबाहेर एक जुनं झाड दिसलं तिथं बाबा थांबले. तीच जागा होती असं मी म्हणणार नाही. बाबाही म्हणाले नाहीत.

मला इथं सारखं कुणीतरी विचारतं, याव ऊरु? कुठलं गाव? मी इतकी वर्षं बेळगाव म्हणून सांगत आले, आणि मनात पुढचं वाक्य असायचं, इथं माझं कुणी नाही. आता ते पुढचं वाक्य येत नाही. घर म्हणजे जिथून आपण निघालो ते, असं मला वाटायचं. पण आपलं माणूस जिथं हाक मारत राहिलं आणि कुणी ओ दिली नाही, तेही घरच असतं, आणि त्याचंही आपण काही देणं लागतो.

बाबांनी चपला काढल्या. माझ्या हातातली बाटली घेतली, ओंजळीत पाणी धरलं, आणि झाडाच्या मुळाशी सोडलं. ओठ हलत होते. आधी भिकू ऐकू आलं, मग गंगा.

गेटवरचा सिक्युरिटीवाला उठून आला. वयस्कर होता, बाबांच्याच वयाचा. "एनु माडताइदीरा?" काय चाललंय इथं, त्यानं दरडावून विचारलं.

"नम्म मनेयवरु इल्लि इद्रु," बाबा म्हणाले. आमच्या घरचं माणूस इथं होतं.

त्यानं झाडाकडं बघितलं, बाबांच्या ओल्या हाताकडं बघितलं. मग आत जाऊन आपली प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि सावलीत ठेवली.