तीन हजार वर्षांचं सुतक

सोयरिकीच्या बोलण्यात आम्ही 'मुलगी संग्रहालयात नोकरीला आहे' एवढंच सांगितलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. नाशिकबाहेर नदीकाठच्या टेकाडावर हजारो वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली आहे. तिथले मोठाले रांजण जागच्या जागी ठेवून वर पत्रे घालून संग्रहालय केलंय, आणि येणाऱ्यांना माहिती द्यायचं काम माझी मुलगी करते. रविवारी गर्दी, सोमवारी सुट्टी.

मुलाचं घर नाशिक रोडला. पसंती झाली होती, पण त्यांच्याकडे शेवटचा शब्द आजीचा. आजी मूळच्या मालेगावकडच्या. चारचौघांत शुद्ध मराठी बोलत, चिडल्या की अहिराणी. त्या रविवारी मुलीनं रजा घेतली होती आणि आजी नि नातू आमच्याकडे जेवायला आले. चक्क्याचं पाणी अजून गळत होतं, म्हणून आमच्या ह्यांनी सुचवलं, "तोवर मुलीचं काम तरी बघून येऊ!" मी डोळे वटारले. ते गाडीची किल्ली शोधत होते.

आजींना जागा फार आवडली. गार वारा होता. एका रांजणाशेजारी टेकून त्या पेरू खाऊ लागल्या.

"रांजण झकास. काय ठेवायचे यात? बाजरी?"

"माणसं," मुलगी म्हणाली.

आजींचा पेरू तोंडाशीच थांबला. "हाई मसन शे? पोर रोज मसनमा जास का?"

"आजी, हे लोक तीन हजार वर्षांपूर्वी गेले," ह्यांनी समजूत घातली.

"मग काय झालं? आमचे भाऊबंद नसतील कशावरून?"

इथे कुणीही शहाणी मुलगी 'छे छे' म्हणाली असती. आमची म्हणाली, "तसं खात्रीनं सांगता येत नाही, आजी. तपासण्या बाकी आहेत."

झालं. सुतक लागलं. निघताना ह्यांनी राखणदाराला सवयीनं "येतो हं" म्हटलं, तर आजींनी टोकलं, "अहो, मसणातून निघताना येतो म्हणतात का!" आंघोळ केल्याशिवाय ना कुणाच्या घरात पाऊल, ना पाण्याचा घोट. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, न्हाणीघर घरात, आणि घरात यायला आंघोळ हवी. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पार्किंगमध्ये गाड्या धुवायचा पाइप होता. आजींना वॉचमनच्या स्टुलावर बसवलं आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी सोडलं.

"मागून जरा जोरात सोड," आजी म्हणाल्या.

मग नातू, मग हे, मग मुलगी, शेवटी मी. कोरडे कपडे आणायलाही वर जाता येईना. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वाकल्या. "अगं बाई! कोण गेलं?"

"बरेच जण," हे पाइप गुंडाळत म्हणाले. "पण जुने आहेत."

काकूंना एवढं पुरलं. आम्ही ओल्या कपड्यांनी वर जाऊन बदलतो न बदलतो, तोच त्या पिठलं-भात घेऊन दारात. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, हा त्यांचा हिशेब. डोळे पुसून, भांडं ठेवून त्या गेल्या.

आजी माझ्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या आणि नातू ह्यांच्या तीन बोटं आखूड पायजम्यात. श्रीखंडाशेजारी पिठलं वाढलं. लग्न मोडलं असं धरून मी पुऱ्या तळत राहिले.

आजींनी मुलीला जवळ बोलावलं. "तू रोज तिथून येऊन काय करतेस?"

"आंघोळ. आधी आंघोळ, मग चहा. किती धूळ असते, आजी."

"रोज? न चुकता?"

"थंडीतसुद्धा."

आजींनी पिठलं-भात संपवला, श्रीखंड पुन्हा मागून घेतलं, मग नातवाकडे वळल्या.

"आपल्या दारात नळ नाही. साखरपुड्याच्या आधी बसवून घे. आणि गरम पाण्याचा बसव, पोरगी गारठेल."