लघुग्रहाचं घाईत उरकलेलं बारसं

"सर, हा लघुग्रह आपला नाही," मी म्हणाले.

जोगळेकर सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपल्याच फोटोप्लेटवर सापडला ना?"

"सापडला. पण पूर्वी तो दुसऱ्या कुणाला तरी सापडला होता. मग हरवला."

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात असे असंख्य दगड सूर्याभोवती फिरतात. फोटोवर त्यांची बारीक रेघ उमटते. तेवढ्यानं भागत नाही. प्रत्येकाची ऑर्बिट, म्हणजे फिरण्याची वाट, गणितानं पक्की करावी लागते. मग नंबर मिळतो, आणि नंबरानंतर शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. साठच्या दशकात बंगळूरच्या आमच्या वेधशाळेत हे गणित मी आकडेमोडीच्या मशीनचं हँडल फिरवून करत असे.

सरांनी मात्र रेघ दिसताच बारसं उरकलं होतं. नाव त्यांच्या गुरूंचं, अण्णांचं. धारवाडकडचे अण्णा जन्मभर खगोलशास्त्र शिकवत आले, आता ऐंशीला टेकलेले. रविवारी इथल्या मराठी मंडळात त्यांचा सत्कारही ठरला होता. इकडे मी ऑर्बिट मागे मागे नेत गेले, तर ती एका जुन्या, नाव मिळालेल्या लघुग्रहाशी जुळली! मला शोधाचा आनंद होत होता, पण अण्णांना हे सांगायचं कसं?

"सत्कार होऊ दे. मग सांगू," सर म्हणाले.

"अण्णा ऑर्बिट विचारल्याशिवाय राहतील का?"

सरांना ते पटलं. संध्याकाळी आम्ही दोघं येलहंक्याला अण्णांच्या घरी गेलो.

ऐकताना अण्णांचा चेहरा उतरला. "नातवंडांना सांगून बसलो की रे," ते सरांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून धारवाडी ढंगात म्हणाले, "स्वल्प नीट सांग बघू, बाई. आधीचं नाव कुणाचं?"

"एका जर्मन शास्त्रज्ञाचं."

"काय केलं त्यांनी?"

"ते आम्ही पाहिलंच नाही," मी कबूल केलं.

"बघा! नाव होतं, तरी दगड हरवला. माणूसही हरवला." अण्णा आता चक्क हसत होते. "जा रे, लायब्ररीत शोध. रविवारी मी त्यांच्यावरच बोलणार."

आणि बोललेच. गळ्यात हार, हातात खडू. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. शेवटी फळ्यावर ऑर्बिट काढून त्यांनी नातवंडांना तो दगड सध्या कुठे आहे ते दाखवलं.

तेव्हापासून आमच्याकडे हाराची ऑर्डर दगडाला नंबर मिळाल्यावरच जायची.