पोपटरावांचा सात

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे पोपटराव शिळीमकर मूळचे पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, तेव्हा दत्तोबांनी त्यांना कात्रज रस्त्यावरच्या आपल्या रिक्षागॅसच्या पंपावर घेतलं. बावीस वर्षं त्यांनी तिथे गॅस भरला. दर महिन्याला दराची पाटीही तेच रंगवत आणि खरा जीव त्यात. सातचा आकडा तर ब्रश न उचलता एका फटक्यात काढायचे.

त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या दोन पंपांच्या पाट्याही त्यांच्याकडेच. एक तारखेच्या दोन दिवस आधी दत्तोबा तिन्ही पंपांचा एकच आकडा सांगत, पोपटराव तीन पत्रे रंगवून वाळत ठेवत. अदलाबदल नको म्हणून मागे पंपाचं नाव आणि रंगवल्याची तारीख टाकायची ही पेंटरची जुनी शिस्त. पाट्या उतरल्या की पत्रे परत पोपटरावांच्याच शेडमध्ये यायचे. यात काही वावगं आहे हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी म्हणे रोज दोन पेपर वाचतो.

मागल्या वर्षी रिक्षावाल्यांनी तिन्ही पंपांचे दर एकदमच वाढतात अशी तक्रार केली आणि दिल्लीहून स्पर्धा आयोगाचे तपास अधिकारी आले. शेजाऱ्याची पाटी बघून आपला दर बदलला तर गुन्हा नाही, आधी आपसांत ठरवून बदलला तर आहे. तिन्ही मालकांनी अर्थातच बघून बदलल्याचं सांगितलं. मग शेडमधले पत्रे सापडले.

जबाबाच्या आदल्या दिवशी दत्तोबा पोपटरावांच्या घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "पत्रे बाजारातून तयार आणतो, मागचं आपल्याला ठाऊक नाय, एवढंच सांग. तुझं काम हाय तसं राहील." सरुबाईंनीही नवऱ्याला तेच बजावलं. पोपटराव हो म्हणाले. साठीला आलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार होतं?

मी सोबत गेलो होतो, पण बाहेर बसलो. आत काय झालं ते त्यांनीच परतताना रिक्षात सांगितलं. तपास अधिकारी बाईंनी एक पत्रा पुढे केला. पोपटरावांनी ठरल्याप्रमाणे बाजारातला म्हणून सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि सहज म्हणाल्या, बाजारातलाच दिसतोय, असे कुठेही मिळतात.

"नाही मॅडम," पोपटराव म्हणाले, "असा सात बाजारात मिळत नाही. हा माझा आहे."

मग त्यांनीच पत्रा उलटा केला आणि मागची तारीख वाचून दाखवली. मग बाकीच्या दोन पंपांचे पत्रेही, एकामागून एक; तारीख तीच, दर बदलायच्या दोन दिवस आधीची.

दुसऱ्या दिवशी काम गेलं. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगितलं म्हणून नव्हे, एका आकड्यापायी घर उघड्यावर टाकलं म्हणून. तसं तोंडावर बोललोही. वाईट वाटतं का विचारलं, तर काही वाटत नाही म्हणाले. सरुबाई आता दोन घरी पोळ्या करतात. चौकशी चालू आहे, पत्रे दिल्लीला गेले.

परवा ते पायी कात्रजपर्यंत जाऊन आले. तिन्ही पंपांवर आता दिव्यांच्या डिजिटल पाट्या लागल्या आहेत. दर वेगवेगळे झाले का, मी विचारलं.

"ते नाही बघितलं," ते म्हणाले. "सात बघितला. नुसत्या सरळ काड्यांचा आहे."