सुभेदारांची कॅप

सुभेदार माझ्या दवाखान्यात चपला न काढता शिरायचे आणि खुर्चीत बसण्याआधीच तोंड उघडायचे. तपासायला नव्हे, भांडायला. मला हा माणूस कधीच आवडला नाही, आणि ते गेले म्हणून आता गोड बोलायची माझी तयारी नाही.

आष्ट्यात दवाखाना टाकला तेव्हा पहिली सिरॅमिक कॅप मी त्यांच्याच वरच्या दाढेवर बसवली. "किती वर्षं टिकंल?" त्यांनी विचारलं. दहा-पंधरा, असं सांगायला हवं होतं. पण मी नवी होते, ऐटीत म्हणाले, "तुम्ही आहात तोवर." तिथेच फसले. फौजेत आयुष्य काढलेल्या त्या माणसाने माझा शब्द धरूनच ठेवला.

दर वर्षी ऊसतोड सुरू झाली की स्वारी उसाचं कांडं घेऊन हजर. बाहेर बसलेल्या पेशंटसमोर कॅपच्या बाजूने ते करकर फोडायचे आणि सांगायचे, "बघा रं, डॉक्टरीणबाईंचा शब्द अजून शाबूत हाय. फुटला की पयलं तुमालाच सांगतो." चोथा टाकायला बादली माझीच. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तक्रार मात्र एकच, बारा वर्षं तीच. "खरखर लागतीया. वरची कॅप खालची दाढ खातीया." खालची दाढ खरंच झिजत चालली होती. मी आरसा घालून बघितल्यासारखं करायची आणि म्हणायची, "ऊस बंद करा."

एकदा ते ओरडलेच. "आवं, घरी दोनी बाजूंनी खातो मी ऊस. मग दुसऱ्या अंगाची दाढ का झिजली न्हाई?" मी त्यांना सांगलीच्या मोठ्या डॉक्टरकडे जायला सांगून दार दाखवलं. "जिनं बसवली तिनंच बघायची," म्हणत पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभे.

यंदा त्यांचा मुलगा आला. चपला बाहेर काढून आला. अस्थी सावडताना राखेत कॅप सापडली, ती त्याने रुमालात बांधून आणली होती. "आबा सांगून गेलंत, गावली तर डॉक्टरीणबाईंना न्हेऊन दावा. फुटलीया का बघा."

मी ती दिव्याखाली धरली. कुठेही तडा नव्हता. पण जिथे ती खालच्या दाढेला टेकायची, तिथे बारीक रेघा होत्या. बसवली त्या दिवशी कॅप उंच लागत होती, म्हणून मी ती घासली होती. बाहेर गर्दी होती, घाईत पॉलिश करायचं राहून गेलं. त्या रेघा माझ्याच हातच्या. नख फिरवलं तर खरखर लागत होती.

"फुटली न्हाई न्हवं?" मुलाने विचारलं.

"नाही."

"मग आबा हरलं म्हनायचं." तो जरासा हसला.

मला फार लाज वाटली. "हरले नाहीत," मी म्हणाले. "खरखर होती. चूक माझी होती."

"ह्ये आबास्नी आयकायला पायजे हुतं, बाई," तो म्हणाला, आणि कॅप परत रुमालात बांधून घेतली.