"पोरगी त्याचीच ना?"

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या बापाला विचारलं, "पोरगी त्याचीच आहे ना रे?"

माझा बाप साठी ओलांडलेला. रेल्वेत गँगमन होता, इगतपुरीच्या घाटात आयुष्यभर रूळ तपासत चालला. वकील त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तरी 'रे'. माझी मुलगी मला टेकून उभी होती. सात वर्षांची. तिला सगळं कळत होतं.

बापाने फरशीकडे बघितलं. मीही गप्प राहिले. ते गप्प राहणं अजून माझ्या अंगावर येतं.

गंगापूर रोडवरचं ते ऑफिस. घटस्फोटाच्या कामात यांच्याएवढा अनुभवी वकील नाही, असं कोणीतरी सांगितलं म्हणून गेलो होतो. नवऱ्याने मला मुलीसकट इंदिरानगरच्या घरातून बाहेर काढलं होतं. लग्न आम्ही दोघांनीच ठरवलेलं, जात वेगळी. त्याच्या आईने आठ वर्षं मला देवघराकडे फिरकू दिलं नाही. शेवटी तोही तिच्यासारखाच बोलायला लागला. मला घटस्फोट हवाच होता. आणि मुलीसाठी पोटगी.

पोटगीचं नाव काढल्यावर वकील हसले. "तुमच्या लोकांत पोरी लगेच दुसरं घर करतात. कशाला ताणता? सहमतीने मोकळं करून देतो."

कागद इंग्रजीत. मी बारावी झालेली, पण ते इंग्रजी वेगळं. मी विचारलं, "यात मुलीचं काय लिहिलंय?"

"वाचून कळणार आहे का तुला?"

बाप हळूच म्हणाला, "कर सही, बाय. त्यांना लय अनुभव हाय. आपल्याला काय कळतंय."

केली.

रिक्षात मुलीने विचारलं, "आई, मी कोणाची?"

बापाने तोंड बाहेर वळवलं.

सहमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायला लावलं. तेवढ्यात बाप गेला. छातीत कळ आली आणि गेला. वकिलाच्या ऑफिसातल्या त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो. आता तो स्वप्नात येत नाही, भर दिवसा येतो. अंबडच्या कारखान्यात मी वायरी जोडते. हात चालू असतात आणि तो समोर उभा असतो, खाली बघत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सही केलेल्या त्या कागदाची प्रत काढली. मोबाइलवर एकेक शब्द शोधला. सातव्या कलमात सापडलं. मुलीसाठी मी आज आणि पुढेही काही मागणार नाही. तिच्या वडिलांचा तिच्याशी काही संबंध राहणार नाही. खाली माझी सही. सुबक.

डबा तसाच बंद केला.

सहा महिने संपल्यावर कोर्टाच्या दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "हे सगळं वाचून, समजून सही केलीत?"

वकील कानाशी म्हणाले, "हो म्हण."

"नाही," मी म्हणाले. "मला कोणी वाचून दाखवलं नाही. माझी संमती नाही. मी ती मागे घेते."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

व्हरांड्यात वकील म्हणाले, "तुझी लायकी नाही कोर्टात उभं राहायची. भोग आता."

"माझी फाइल द्या," मी म्हणाले. "आणि मला 'तू' म्हणू नका."

आता वकीलबाई आहेत. त्याही अनुभवी. पण पहिल्या भेटीत प्रश्न मी विचारले. प्रत्येक कागद त्या मराठीत वाचून दाखवतात, मग मी सही करते. त्यांनी सांगितलं, पोटगी मुलीचा हक्क आहे, तो सोडून द्यायचा अधिकार आईलाही नाही. म्हणजे पहिल्या वकिलालाही हे माहीत होतं. माहीत असून त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. आम्ही कोण आहोत ते बघून सरकवला.

घटस्फोटाची आणि पोटगीची नवी केस चालू आहे. नवरा तारखा बुडवतो, मी एकही बुडवत नाही. त्या दिवशी मी गप्प राहिले ते पुसलं जाणार नाही. मी पुसायलाही जात नाही. ते असंच टोचत राहू दे.

घटस्फोट मी घेणार. मुलीचा हक्क घेऊनच घेणार. लागू देत कितीही वर्षं.